दोन सुताचा पेच

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले गाव, मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे. अशा बाजारगावातल्या हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या मोटारीचा बोल्ट हमखास मिळतो. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजचा जुना प्रोजेक्टर उघडून त्यातला एक स्क्रू तिथे मागून पाहावा. 'सहा एमएम चालेल' असे उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. आणि तो चालत नाही.

जुने यंत्र इंचात बोलते. फिटर ज्याला दोन सूत म्हणतो ते पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत या मापाला इंचामागे २० आटे असतात. सहा एमएमच्या स्क्रूला तेवढ्याच लांबीत २५ हून थोडे अधिक. हाताने एकदोन फेरे बसतात, म्हणून माणूस फसतो. पुढे तो अडतो, आणि पाना लावून दामटला की यंत्राच्या अंगातलेच आटे जातात. अमेरिकन पाव इंची स्क्रूलाही आटे २०च, पण त्यांचा कोन ६० अंशांचा, व्हिटवर्थचा ५५. हा बसतो, मात्र सोयरिक जुळवून आणल्यासारखा!

भारतात वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. दुकाने हळूहळू बदलली, पण आधीची यंत्रे आपल्या मापांसह तशीच राहिली. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचेही हेच झाले. १९९२ सालचा पोलादी रुपया २५ मिलिमीटर रुंद आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा. २०११ सालचा सुमारे २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम. जुन्या रुपयासाठी बेतलेली फट आणि तराजू नव्याला ओळखणार कसे? १९७८ साली जपानमध्ये आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या व्हिडिओ गेमची खोकी आज जिवंत करणारे हौशी लोकही नाण्याच्या दाराचे कुलूप आणि दांड्याचा स्विच यांच्याच मागे धावत असतात.

प्रोजेक्टरचा खरा जीव मात्र माल्टीज क्रॉसमध्ये. चार खाचांचे हे चाक पाव फेरा घेऊन थांबते, आणि त्याच्या सोळा दात्यांच्या चक्रीवरून फिल्मची चार छिद्रे, म्हणजे एक चौकट, पुढे सरकते. सेकंदाला २४ वेळा. तीन तासांच्या सिनेमात अडीच लाखांहून अधिक धक्के! खुंटी किंवा बुश किंचित झिजले तरी पडद्यावरची नायिका थरथरू लागते. मूळ भाग मिळाला नाही तर लेथवर नवा बुश कापणे, हाच उपाय. आवाजाच्या छोट्या दिव्याचे तुलनेने सोपे: पुढे त्याच्या जागी लाल एलईडी आला. त्याचा प्रकाश नेमका बारीक फटीवर पडला पाहिजे, एवढेच.

या जुगाडाला मराठी सिनेमाइतकाच जुना वारसा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी विल्यमसन कंपनीच्या जुन्या प्रोजेक्टरपासून कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. १९२० सालचा 'सैरंध्री' हा त्यांचा चित्रपट. विदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी इथे यंत्रविद्याच आपलीशी केली, आणि प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट चित्रपटाच्या कथेपेक्षा मोठी वाटते.

महाराष्ट्रातल्या तंबू-सिनेमांचा उतरता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यात ट्रक आहेत, तंबू आहेत, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला एक मेकॅनिकही आहे.

गावात कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये असा प्रोजेक्टर पडून असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी थांबावे. निघालेले स्क्रू डब्यात भरावेत, डब्यावर यंत्राचे नाव लिहावे. मोडका तुकडाही टाकू नये; टर्नर माप त्यावरूनच घेतो.