परदेशाशीं देवघेव आणि बँकेच्या खात्याचा क्रमांक

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्यास ऊस पिकविणाऱ्या घरांतील मुलें आज शिक्षणास व नोकरीस दुबई, जर्मनी, इंग्लंड अशा दूरच्या मुलखांत जातात. ज्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो कोल्हापुरी गूळहि समुद्रापार जातो. अशा वेळीं तिकडून मागणी येते कीं, "तुमचा आयबॅन कळवा." बँकेंत चौकशी करावी, तर "आपल्याकडे तसा क्रमांक नसतो" असें उत्तर मिळतें. दोन्ही म्हणणीं आपापल्या जागीं योग्य आहेत. तीं कशीं, हें समजून न घेतल्यास पैसा आडवाटेस जातो.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. म्हणून दाखला तिकडचाच घेऊं. नुसता "गट नंबर ११२" म्हटल्यानें जमीन सांपडत नाहीं. तो नंबर पन्हाळा तालुक्यांतील अनेक गांवीं असूं शकतो. जिल्हा, तालुका, गांव, गट व हिस्सा असा क्रम लागला म्हणजेच तुकडा निश्चित होतो. बँकेच्या खात्याचेंहि तसेंच आहे. प्रत्येक देशाची क्रमांक लिहिण्याची रीत निराळी असल्यामुळें पूर्वीं युरोपांत एका देशांतून दुसऱ्या देशांत धाडलेली रक्कम चुकीच्या क्रमांकापायीं अडकून पडे. त्यावर तोडगा म्हणून तेथील बँकांनीं एक समान पद्धति ठरविली व १९९७ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचें रूप मिळालें. हाच आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक-खाते-क्रमांक.

याची मांडणी सातबाऱ्याइतकीच सरळ आहे. नमुन्यादाखल नेहमीं दिला जाणारा जर्मन क्रमांक पाहा : डीई ८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. पहिलीं दोन अक्षरें देशाचीं. पुढील दोन अंक ताळ्याचे. त्यानंतरचे आठ अंक बँकेची ओळख देतात व उरलेले दहा खात्याचे. एकूण चिन्हें २२. प्रत्येक देशाची लांबी ठरलेली आहे : नॉर्वेची १५, नेदरलँड्सची १८, इंग्लंडची २२, दुबई ज्या अमिरातींत आहे त्यांची २३. कोठेंहि ती ३४ पेक्षां अधिक नसते.

ताळ्याचे दोन अंक हें या पद्धतीचें मर्म होय. पहिलीं चार चिन्हें उचलून शेवटीं ठेवावयाचीं. अक्षरांच्या जागीं, एला १० पासून झेडला ३५ पर्यंत, अंक घालावयाचे. आणि होणाऱ्या संख्येस ९७ नें भागावयाचें. बाकी १ उरली तर ताळा जमला. दुसरी कांहींहि उरली तर क्रमांक चुकला हें निश्चित. एक अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हटकून पकडली जाते. हें काम यंत्र करतें. आपण केवळ क्रमांक जसाच्या तसा उतरून घ्यावा.

हिंदुस्थानानें ही पद्धति स्वीकारलेली नाहीं; अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियाहि तींत नाहींत. म्हणून परदेशांतून पैसा मागवितांना चार गोष्टी कळवाव्या : पासबुकावर आहे तसें नांव, खात्याचा पूर्ण क्रमांक, बँकेचा ८ किंवा ११ चिन्हांचा स्विफ्ट कोड, आणि शाखेचा ११ चिन्हांचा आयएफएससी. पुष्कळ सहकारी बँकांस परदेशी हुंडणावळीचा थेट परवाना नसतो. तेथें खातें असल्यास पैसा कोणत्या बँकेमार्फत येईल, हें आधीं विचारावें. वाटेंतील बँकांची कपात कोणी सोसावयाची, हेंहि सौद्यापूर्वींच ठरवावें. खातेक्रमांकापुढें "आयएन" जोडून आयबॅन बनवून देणाऱ्याच्या नादीं लागूं नये. तसा क्रमांक कोणत्याहि बँकेच्या दप्तरीं नाहीं.

आपल्या खातेक्रमांकांस सर्व बँकांस समान असा ताळा नाहीं, आणि रक्कम जमा करतांना क्रमांक हाच आधार मानण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें २०१० सालीं बँकांस दिली. नांव बरोबर व अंक चूक असेल तर पैसा दुसऱ्याच्या खात्यांत पडूं शकतो. यास्तव क्रमांक तोंडीं सांगूं नये. लिहून द्यावा व समोरच्याकडून वाचवून घ्यावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताळा लेखणीची चूक ओळखतो, माणसाची लबाडी ओळखीत नाहीं. ठकाच्या आयबॅनचाहि ताळा जमतोच. मुलाची फी किंवा यंत्राची किंमत धाडावयाच्या वेळीं "आमचें खातें बदललें आहे" असा निरोप आला, तर त्या निरोपांतील दूरध्वनीवर विसंबूं नये. पूर्वींपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री करावी, मगच रक्कम सोडावी. फेरफाराची नोंद आपण पाहिल्यावांचून मान्य करीत नाहीं; येथेंहि तोच बाणा ठेवावा.