सामायिक हवा

वसतिगृहात थंडीच्या दिवसांत मुले खिडक्या लावून निजतात. आम्हा शिक्षकांना तीच चिंता वाटते. करोनासारखे विषाणू बोलताना, खोकताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतात आणि बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण होते. एका आजारी व्यक्तीमुळे ५२ जणांना लागण झाल्याचे आढळले.

म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकणाऱ्याने मास्क लावावा, आजारी विद्यार्थ्याला हवेशीर खोलीत वेगळे निजवावे. मात्र हे विलगीकरण आजारापुरतेच असावे. विटाळाच्या नावाखाली ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांचे आम्ही वारस आहोत. त्या मुलाची विचारपूस रोज व्हावी आणि बरा होताच त्याला पंगतीत सन्मानाने जागा मिळावी.