शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कचेरीची पायरी

महाविद्यालयाचे प्रवेश आटोपले, वह्या-पुस्तके घरी आली, की बेळगाव-खानापूर-निपाणीच्या बाजूस कित्येक घरांत नव्या यातायातीला प्रारंभ होतो. ही यातायात शिष्यवृत्तीची होय. घरातील मुलगा वा मुलगी शाळा संपवून महाविद्यालयात जाणारी पहिलीच असते. वडिलांना कचेरीची सवय नसते. आणि जिच्याशी गाठ घालावयाची ती यंत्रणा तर आता निम्मी संगणकात व निम्मी लाकडी टेबलामागे बसलेली असते. अशा विद्यार्थिमित्रांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की टेबलामागील कारकुनाला तुमची गरिबी दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. उद्या हिशेबतपासनीस आला, तर ‘ही रक्कम कोणत्या आधारावर दिलीत?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या कागदातूनच द्यावयाचे असते. म्हणून आपली करुण कहाणी त्याच्यापुढे मांडण्यात अर्धा तास घालविण्यापेक्षा, कोणता कागद उणा आहे एवढेच नम्रपणे विचारावे. हा मनुष्य पुष्कळदा आपल्यासारखाच, चार मुलांची फी भरून मेटाकुटीस आलेला असतो. त्याच्याशी भांडून कोणाचे काम लवकर झालेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

कर्नाटकात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावयाचा असतो. त्यासाठी उत्पन्नाचा व जातीचा दाखला नाडकचेरीतून घ्यावा लागतो आणि त्या दाखल्यावरील ‘आर. डी.’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक अर्जात घालावा लागतो. हे दाखले प्रवेशानंतर नव्हे, तर निकालाची वाट पाहत असतानाच मागवून ठेवावेत. शेवटच्या आठवड्यात नाडकचेरीपुढे लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगणे नलगे.

अडचणीचे खरे मूळ मात्र बहुधा नावात असते. आपली मराठी रीत अशी, की स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी नावाबरोबर वडिलांच्या वा गावाच्या नावाचे केवळ आद्याक्षर लिहितात. त्यातून आपली ख्रिस्ती आडनावे! फर्नांडिस हे एकच आडनाव इंग्रजीत कोणी शेवटी ‘एस’ने लिहितो, कोणी ‘झेड’ने. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, आणि आधारकार्डावर घाईत टंकलेले तिसरे. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात. संगणकाला ती तीन निरनिराळी माणसे वाटतात. तेव्हा दहावीचे गुणपत्रक प्रमाण मानून, आधार व बँकेतील नाव त्याबरहुकूम आधीच दुरुस्त करून घ्यावे. हे काम सुट्टीत होते. अर्जाची मुदत संपत आली असता होत नाही.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तीविषयी घरोघरी घोटाळा आढळतो. अनुसूचित जातींविषयीचा 1950 सालचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. 1956 साली त्यात शीख व 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. म्हणून आजोबांच्या जातीच्या आधारे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मागितल्यास अर्ज फेटाळला जातो. इतकेच नव्हे, तर खोटा दाखला दिल्याचे बालंटही येऊ शकते. परंतु याचा अर्थ दार सर्वस्वी बंद, असा नव्हे. तेलंगणात अशा कुटुंबांना मागासवर्गीयांच्या यादीतील ‘सी’ गटात स्थान आहे. अन्य राज्यांच्या मागासवर्गीय याद्याही अवश्य पाहाव्यात. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला तर धर्माची अटच नाही. शिवाय 1993 च्या अधिसूचनेने ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून घोषित आहे. मात्र अल्पसंख्याकांसाठी असलेली एखादी योजना गतवर्षी होती म्हणून यंदाही असेल, असे गृहीत धरू नये. ती यंदा उघडली आहे का, हे पोर्टलवर पाहून मगच धावपळ करावी. ही परिस्थिती न्याय्य आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. खिडकीपाशी उभे राहून तो सुटत नाही.

सीमाभागातील जी मुले कोल्हापूरला शिकावयास जातात, त्यांनी अटींतील ‘रहिवासी’ हा शब्द दोनदा वाचावा. प्रवेशात मिळालेली सवलत म्हणजे शिष्यवृत्तीची पात्रता नव्हे.

आता भाषेविषयी. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे बेळगावात मराठीतही देता येतो. हक्क आहे, तो विसरू नये. तथापि काम लवकर व्हावे असे वाटत असेल, तर सोबत कन्नड वा इंग्रजी प्रत जोडावी, हा आमचा व्यवहारी सल्ला. माहिती अधिकाराच्या अर्जाची गोष्ट निराळी. 2005 च्या त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी वा त्या प्रदेशाची राजभाषा एवढ्याच भाषा सांगितल्या आहेत. शुल्क 10 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा. ‘माझा अर्ज कोणत्या तारखेस कोणाकडे गेला आणि आज कोठे आहे?’ एवढा प्रश्न पुरे. त्यात आरोप करू नयेत.

दाखल्यांसाठी कर्नाटकात 2011 चा सेवाहमीचा कायदा आहे. लोक त्याला ‘सकाल’ म्हणून ओळखतात. अर्ज देताच मिळणारी पोच व तिच्यावरील क्रमांक जपून ठेवावा. मुदत उलटल्यास दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये, भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक खरी. पण पोच हातात असलेल्या अर्जदाराकडे पाहण्याची दृष्टी पालटते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना अशाच प्रकारचा कायदा 2010 पासून उपलब्ध आहे. मध्य प्रदेशानेच तो देशात पहिल्याने केला. आणि हो, ‘मी सारे करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला ओटीपी सांगू नये.

शेवटी पैशाची वाट. आमच्या परिचयातील एका मुलीचा अर्ज निर्दोष होता. महाविद्यालयाने पडताळणी केली, पोर्टलवर ‘रक्कम पाठविली’ असे झळकले, आणि तिच्या पासबुकात मात्र एक पैसा नाही. सहा महिने ती कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होती. कारकून सांगे, पैसे दिले; बँक सांगे, आले नाहीत; आणि दोघेही खरेच बोलत होते. शिष्यवृत्तीची रक्कम खाते-क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर जाते. आणि ज्या बँकेत आधारची जोडणी सर्वांत शेवटी झाली असेल, त्या बँकेत जमा होते. बँकेने आधारची नोंद करून घेणे आणि सरकारी रक्कम येण्यासाठी ते खाते जोडले जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसते. ते पाहिल्यावर उलगडा झाला. मागील वर्षी मोबाइलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने तिचा अंगठा दोनदा उमटवून घेतला होता. त्या दुसऱ्या अंगठ्याने तिच्या नकळत एक खाते उघडले गेले होते. सारी रक्कम तेथे सुखरूप पडून होती.

पैसे हाती आले त्या दिवशी ती थेट सोनाराकडे गेली. परीक्षेच्या फीसाठी आईने कानांतल्या कुड्या गहाण टाकल्या होत्या.