अतिरॅली प्रकीर्णन

अतिरॅली प्रकीर्णन : तीव्र लेसर प्रकाश एखाद्या द्रवातून वा विद्रावातून जात असताना त्याचा अत्यल्प अंश मूळ प्रकाशाच्या बरोबर दुप्पट कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येने) सर्व दिशांना विखुरला जातो. या आविष्कारास अतिरॅली प्रकीर्णन म्हणतात. विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून रेणूची पहिली अतिध्रुवणक्षमता काढता येते. ही राशी ‘बीटा’ या ग्रीक अक्षराने दर्शविण्याचा प्रघात आहे. प्रकाशाची कंप्रता दुप्पट करणारे व विद्युत् दाबाने प्रकाशाचे नियंत्रण करणारे कार्बनी पदार्थ शोधताना ही राशी प्रथम पाहिली जाते.

साधा प्रकाश रेणूवर पडला म्हणजे त्याच्या विद्युत् क्षेत्रामुळे रेणूतील इलेक्ट्रॉन मागेपुढे हेलकावतात. क्षेत्र दुबळे असल्यास इलेक्ट्रॉनांचे विस्थापन क्षेत्राच्या सम प्रमाणात होते आणि रेणू मूळ कंप्रतेचाच प्रकाश विखुरतो. हे रॅली प्रकीर्णन होय. विखुरताना रेणूच्या अंतर्गत कंपनांशी ऊर्जेची देवघेव झाल्यास कंप्रता किंचित बदलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्ता येथे १९२८ मध्ये शोधलेला परिणाम तो हाच [⟶ रामन परिणाम]. लेसराचे क्षेत्र मात्र इतके प्रबळ असू शकते की, सम प्रमाणाचा नियम पुरा पडत नाही. पॅरा-नायट्रोॲनिलिनाचा रेणू घेतल्यास त्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देऊ करणारा ॲमिनो गट, तर दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन ओढणारा नायट्रो गट असतो. इलेक्ट्रॉनांना नायट्रो गटाकडे सरकणे सोपे व उलट दिशेने सरकणे अवघड जाते. त्यामुळे त्यांचा हेलकावा एकीकडे मोठा व दुसरीकडे लहान होतो. अशा असमान हेलकाव्यात मूळ कंप्रतेबरोबर दुप्पट कंप्रतेचा घटकही असतो. या घटकाची क्षेत्राच्या वर्गाशी सांगड घालणारी राशी म्हणजे बीटा. बेंझिनासारख्या केंद्रसममित रेणूत दोन्ही बाजू सारख्या असल्याने तिचे मूल्य शून्य असते.

टी. एच्. मेमन यांनी १९६० मध्ये माणिक लेसर तयार केल्यावर पुढील वर्षी पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठात क्वॉर्ट्‌झाच्या स्फटिकातून ६९४·३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश पाठवून निम्म्या तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश मिळविला [⟶ लेसर]. स्फटिकात रेणू ठराविक दिशांना बसलेले असल्याने त्यांचे तरंग परस्परांस साहाय्य करतात. द्रवात तसे नसते. तेथे जितके रेणू एका दिशेला तोंड करून असतात, सरासरीने तितकेच विरुद्ध दिशेलाही असतात. रेणू उलटा फिरविल्यास त्याच्या दुप्पट कंप्रतेच्या तरंगाचे चिन्हही उलटते. म्हणून द्रवातून दुप्पट कंप्रतेची एकसंध शलाका बाहेर पडत नाही आणि विद्रावातील रेणूची बीटा प्रकाशानेच थेट मोजता येणार नाही, असे वरकरणी वाटते.

प्रत्यक्षात बेरीज पूर्णपणे शून्य कधीच होत नाही. नाणे दहा हजार वेळा उडविले, तर छाप व काटा बरोबर पाच-पाच हजार वेळा पडणे दुर्मिळच; दोहोंत शंभरेक इतका फरक सहज राहतो. रेणूंच्या दिशांचेही तसेच आहे. क्षणोक्षणी थोडे रेणू एका दिशेला जास्त असतात आणि न कटलेल्या त्या शिलकेतून प्रकाश विखुरतो. शिलकी आयाम रेणूंच्या संख्येच्या वर्गमूळाइतका असल्याने तीव्रता संख्येच्या सम प्रमाणात येते. स्फटिकात ती संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू शकते. द्रवातील साध्या प्रकीर्णनाचा उगमही अशाच चढउतारांत आहे, हे स्मॉलुकॉव्हस्की (१९०८) व आइन्स्टाइन (१९१०) यांनी दाखविले होते. सारांश, जी अव्यवस्था एकसंध शलाका नाहीशी करते, तीच या पद्धतीत मोजमापाचे साधन होते.

हा प्रकाश प्रथम आर्. डब्ल्यू. टर्ह्यून, पी. डी. मेकर व सी. एम्. सॅव्हेज यांनी फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत माणिक लेसराच्या साहाय्याने पाहिला व १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पाण्यासारखे साधे द्रव वापरले होते. १९६६ मध्ये बर्सन, पाओ व फ्रिश यांनी त्याची सैद्धांतिक मांडणी केली. तथापि संकेत इतका क्षीण होता की, पुढे जवळजवळ पाव शतक रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्याच पद्धतीवर विसंबून राहिले. त्या पद्धतीत विद्रावाला उच्च विद्युत् दाब देऊन रेणूंना अंशतः एका दिशेला वळवितात व मग निर्माण होणारी दुप्पट कंप्रतेची शलाका मोजतात. ती चांगली पद्धत आहे आणि तीत बीटाचे चिन्हही कळते. परंतु रेणूला द्विध्रुव परिबल असावे लागते व ते वेगळे मोजावे लागते. शिवाय आयनी पदार्थांचा विद्राव विद्युत् संवाहक असल्याने त्याला असा दाब देताच येत नाही. त्यामुळे लवणे, बहुतेक प्रथिने आणि द्विध्रुव परिबल नसलेले सममित रेणू मोजमापाबाहेर राहिले.

बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात कून क्लेस व आंद्रे पर्सून्स यांनी १९९१ मध्ये ही अडचण दूर केली. पॅरा-नायट्रोॲनिलिनासारख्या मोठ्या बीटाच्या रेणूंचे विद्राव घेऊन त्यांनी प्रकीर्णनाची जुनी कल्पना व्यवहार्य पद्धतीच्या रूपात आणली.

मापनपद्धती : निओडिमियम-याग लेसराच्या १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचे काही नॅनोसेकंदांचे स्पंद विद्रावाच्या कुपीत केंद्रित करतात. शलाकेशी काटकोनात विखुरलेला प्रकाश भिंगांनी गोळा करून व मूळ कंप्रतेचा प्रकाश गाळणीने अडवून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश प्रकाशगुणक नलिकेकडे नेतात. नलिकेचे मंडल केवळ स्पंदाच्या क्षणीच उघडे ठेवल्याने इतर वेळचा गोंगाट टळतो. लेसराची तीव्रता पायरीपायरीने बदलून संकेत तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो की नाही, हे तपासतात. धुळीचा एखादा कणही स्पंदाच्या वाटेत आला, तर ठिणगी उडून संकेत बिघडतो. म्हणून विद्राव सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून घेणे आवश्यक असते. या साध्या दिसणाऱ्या कामातच नवख्या संशोधकाचे पुष्कळ दिवस जातात.

उपकरणाचा निरपेक्ष गुणांक काढणे अवघड असल्याने तुलनेचा मार्ग धरतात. एकाच पदार्थाचे निरनिराळ्या संहतीचे विद्राव घेऊन संकेत व संहती यांचा आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. तिचा अक्षावरील छेद केवळ विद्रावकामुळे (विरघळविणाऱ्या द्रवामुळे) व चढ विरघळलेल्या पदार्थामुळे असतो. विद्रावकाची बीटा ज्ञात असल्यास दोहोंच्या गुणोत्तरावरून पदार्थाची बीटा निघते. विद्राव दुप्पट कंप्रतेचा प्रकाश शोषीत असल्यास रेषा वाकते व त्याबद्दल शुद्धी करावी लागते. बीटा येथे वर्गरूपात येत असल्याने या मार्गाने तिचे चिन्ह मात्र कळत नाही.

अनुस्फुरणाचा दोष : पद्धतीचा प्रसार होऊ लागल्यावर काही रेणूंच्या बीटाची मूल्ये आश्चर्यकारक मोठी येऊ लागली. त्यांतील काही मोठेपणा खोटा होता. दोन किंवा अधिक फोटॉन एकदम शोषून रेणू उद्दीपित होतो व थोड्या वेळाने स्वतःचा प्रकाश बाहेर टाकतो. या अनुस्फुरणाचा पट्टा रुंद असल्याने त्याचा काही भाग ५३२ नॅनोमीटरच्या गाळणीतून सहज निसटतो. दोन फोटॉनांमुळे होणारे अनुस्फुरणही तीव्रतेच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढते. तेव्हा वर्गाच्या नियमाची कसोटी येथे निरुपयोगी ठरते. १९९५ मध्ये याविषयी स्पष्ट इशारा प्रसिद्ध झाला. मूल्य मोठे आले की त्याच साच्याचे आणखी रेणू बनविले जातात. म्हणून चुकीचे मूल्य एका प्रयोगापुरते राहत नाही, तर संश्लेषणाचे श्रम भलत्या वाटेला नेते.

यावर तीन उपाय रूढ झाले. एकवर्णकाने ५३२ नॅनोमीटरच्या दोन्ही बाजूंचा वर्णपट तपासल्यास प्रकीर्णनाचा अरुंद कळस अनुस्फुरणाच्या पसरट पायापासून वेगळा दिसतो. दुसरा उपाय अधिक लांब तरंगलांबीचा लेसर वापरणे हा होय. तिसरा उपाय काळावर आधारलेला आहे. प्रकीर्णन तात्काळ घडते, तर अनुस्फुरण सामान्यतः काही नॅनोसेकंद रेंगाळते. फेम्टोसेकंद लेसराच्या शलाकेची तीव्रता अतिशय जलद कमीजास्त केली, तर प्रकीर्णन त्या चढउताराबरोबर चालते, अनुस्फुरण मागे पडते. कंप्रता वाढवीत नेल्यास अनुस्फुरणाचा वाटा घटत जाऊन खरे मूल्य उरते. लूव्हेन येथील गटानेच १९९८ मध्ये ही रीत मांडली. कोणताही उपाय न योजता दिलेले जुने मूल्य, विशेषतः रेणू अनुस्फुरक असल्यास, जपूनच वापरावे.

ध्रुवण व रेणूचा आकार : आपाती प्रकाशाच्या ध्रुवणाला समांतर व लंब असे विखुरलेल्या प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळे मोजल्यास रेणूच्या सममितीचा पत्ता लागतो. एकाच अक्षावर इलेक्ट्रॉन सरकणाऱ्या लांबट रेणूसाठी समांतर व लंब तीव्रतांचे गुणोत्तर ५ येते; तीन सारख्या भुजा असलेल्या सपाट, अष्टध्रुवी रेणूसाठी ते १·५ येते. अष्टध्रुवी रेणूंचे द्विध्रुव परिबल शून्य असले, तरी बीटा शून्य नसते. १९९० नंतर फ्रान्समध्ये जोसेफ झीस यांनी या रेणूंच्या अभ्यासाला चालना दिली. जखमेवर लावण्यात येणाऱ्या जेन्शियन व्हायोलेटमधील मुख्य रंगद्रव्य, क्रिस्टल व्हायोलेट, हे अशा तीन भुजांच्या आयनाचे परिचित उदाहरण आहे. आयनी असल्यामुळे विद्युत् दाबाची पद्धत त्याला लागू पडत नाही, प्रकीर्णनाने मात्र त्याची बीटा मोजली गेली. बंगळूरू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ट्रायाझिनाच्या सममित अनुजातांवर याच पद्धतीने केलेली मोजमापे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रथिनांपैकी बॅक्टीरिओऱ्होडॉप्सिनाचे मापन १९९३ मध्ये झाले. पुढे सोन्याचांदीच्या नॅनोकणांचाही अभ्यास सुरू झाला. द्रवातील सर्व रेणू परस्परांपासून स्वतंत्रपणे वळतात, हे गृहीतकही तपासले गेले. २०१६ मध्ये पाण्यात अत्यल्प लवण विरघळविले असता दुप्पट कंप्रतेच्या प्रकीर्णनात बदल दिसला; आयनांभोवती पाण्याच्या रेणूंची दिशा बरीच दूरवर परस्परांशी निगडित होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. आरशातील प्रतिमेशी न जुळणाऱ्या रचना उजव्या व डाव्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला अतिरॅली प्रकीर्णनात भिन्न प्रतिसाद देतील, असे भाकीत अँड्र्यूज व तिरुनामचंद्रन यांनी १९७९ मध्ये केले होते. चांदीच्या सूक्ष्म मळसूत्रांवर त्याचा पडताळा इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २०१९ मध्ये मिळाला.

मूल्यांची तुलना : दोन प्रयोगशाळांतील बीटाची मूल्ये शेजारी ठेवताना विशेष दक्षता लागते. बीटाच्या व्याख्येतील संख्यात्मक गुणकाविषयी अनेक संकेत प्रचलित असून त्यामुळेच दुप्पट वा चौपट फरक पडू शकतो. १९९२ मध्ये या गोंधळाचा सविस्तर ऊहापोह झाला. प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मचे आधी स्वीकारलेले मूल्य १९९८ मधील मोजमापांनुसार निम्म्याहूनही कमी ठरले. त्यामुळे त्याच्या आधारे काढलेली इतर पदार्थांची मूल्ये त्याच प्रमाणात खाली आली. शिवाय दुप्पट कंप्रता रेणूच्या शोषणपट्ट्याजवळ आली की बीटा फुगते. हा परिणाम वगळून शून्य कंप्रतेचे मूल्य काढण्यासाठी ऊडार व शेमला यांचे १९७७ मधील द्विस्थिती प्रतिमान बहुधा वापरतात, परंतु शोषणपट्ट्याच्या अगदी आत ते भरवशाचे नसते. म्हणून बीटाच्या मूल्यासोबत लेसराची तरंगलांबी, विद्रावक, संदर्भपदार्थाचे गृहीत मूल्य व वापरलेला संकेत या चारही गोष्टी नमूद करणे आवश्यक असते.