फॉर्मवर 'धर्म नाही' असं लिहिता येतं का? धर्म, अध्यात्म आणि नीतिनियमांचा एकमेकांशी संबंध काय?

शाळेचा प्रवेश असो, नोकरी असो की हॉस्पिटलचा केसपेपर. फॉर्म भरताना 'धर्म' हा रकाना कुठेतरी येतोच. बहुतेक जण विचार न करता तो भरून टाकतात. पण एखाद्याची देवावर श्रद्धा आहे आणि तरीही तो कोणत्याच धर्माचा नाही, असं त्याला वाटत असेल तर? त्याने तिथे काय लिहायचं?

हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता.

नेमकं प्रकरण काय होतं?

याचिका करणारे नास्तिक नव्हते. आपण येशू ख्रिस्ताला मानतो, पण ख्रिस्ती किंवा इतर कोणताही धर्म मानत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद व्हावी म्हणून त्यांनी अर्ज केला. शासकीय मुद्रणालयाने तो फेटाळला. 'धर्म नाही' हा काही धर्म होऊ शकत नाही, अशी भूमिका सरकारने कोर्टात घेतली.

सप्टेंबर २०१४ मध्ये कोर्टाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. त्यात धर्म पाळण्याचा हक्क येतो, तसाच कोणताही धर्म न मानण्याचाही येतो. त्यामुळे सरकार कुणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

असे लोक किती आहेत?

२०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांची नोंद 'धर्म सांगितलेला नाही' या गटात झाली. हे प्रमाण लोकसंख्येच्या पाव टक्क्याहूनही कमी आहे. अर्थात, हे सगळे नास्तिक किंवा निधर्मी आहेत असं नाही. त्यांनी फक्त धर्म नोंदवलेला नाही.

धर्म नाही, मग चांगलं-वाईट ठरवायचं कसं?

घरात हा विषय निघाला की पहिला आक्षेप हाच असतो. धर्म सोडला तर माणसाला धरबंध कसला उरणार?

या प्रश्नावर महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच विचार झालाय. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, ही त्यांची भूमिका होती. पण त्यांनी नीती वाऱ्यावर सोडली नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात सत्यवर्तन कसं असावं याचे ३३ नियम आहेत. एकाच कुटुंबातल्या माणसांनी हवा तो धर्म स्वीकारावा आणि तरीही एकमेकांशी प्रेमाने राहावं, असं चित्रही त्यात आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला. नियम पाककृतीसारखा असतो. काय करायचं, कसं करायचं ते तो सांगतो. तत्त्व फक्त दिशा देतं, निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. म्हणून तत्त्वावर चालणारा माणूस आपल्या वागण्याला स्वतः जबाबदार असतो. धर्म तत्त्वांचा असावा, नुसत्या नियमांचा नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

विशेष म्हणजे, बाबासाहेबांनी धर्म ही गोष्टच नाकारली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. नीतीने जगायला सोबतीला समाज लागतो, हे त्यांना मान्य होतं.

मग संघटित धर्माची अडचण कुठे होते?

संघटित धर्म माणसाला बरंच काही देतो. सण असतात, अडीअडचणीला धावून येणारी माणसं असतात, मयताला खांदा देणारे असतात. एकट्याने केलेल्या ध्यानातून मनाला शांतता मिळेल, पण हा आधार मिळेलच असं नाही.

अडचण येते ती नियम मोडणाऱ्याला हाच आधार नाकारला जातो तेव्हा. जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकण्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. त्या रोखण्यासाठी राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधात स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे.

राज्यघटनेनेही धर्मस्वातंत्र्याला मर्यादा घातली आहे. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन आहे.

'धर्म नाही' म्हटलं की सगळं सुटतं का?

नाही. लग्न आणि वारसा यांचे कायदे आजही बऱ्याच अंशी धर्माशी जोडलेले आहेत.

लग्नापुरता मार्ग सोपा झालाय. १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असं जाहीर करावं लागायचं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती अट राहिली नाही.

वारसाहक्काचं मात्र तसं नाही. मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या पण धर्म न मानणाऱ्या केरळच्या एका महिलेने याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्याला धार्मिक वारसा कायद्याऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा, अशी तिची मागणी आहे. एप्रिल २०२४ मध्ये कोर्टाने या याचिकेची दखल घेतली.

म्हणजे रकाना कोरा ठेवायचा हक्क मिळालाय, पण वडिलांच्या घरात मुलीचा वाटा किती, हे अजूनही त्याच रकान्यावरून ठरू शकतं. आणि रकान्यात काहीही लिहिलं तरी शेजाऱ्याशी कसं वागायचं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.