कांचनगंगेवरील विरळ हवा
रत्नागिरीच्या समुद्रकिनारी मनुष्य विनासायास श्वास घेतो. परंतु ८,५८६ मीटर उंच कांचनगंगेच्या माथ्यावर हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. हवेतील प्राणवायूचा वाटा तोच असला, तरी हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासागणिक तो अल्पच लाभतो. यास्तव आरोहक दिवसा वर चढून रात्री खालच्या छावणीत निजावयास उतरतात. काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढून शरीर सरावते.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा आरोहक शेर्पांच्या साह्याने १५ मे २०१९ रोजी हे शिखर चढले. त्याच सुमारास त्याच पर्वतावर अन्य तुकडीतील दोन भारतीय आरोहक प्राणांस मुकले. म्हणूनच उतरण्यापुरते बळ राखून चढणे, हीच आरोहणाची खरी कसोटी होय.