ट्रॅक्टरचं हूड उन्हासाठी, उलटल्यावर जीव वाचवते ती कमान वेगळी

जालना : ट्रॅक्टरवर लोखंडी हूड बसवून घेण्याची पद्धत आता गावोगाव आहे. वर पत्रा, खाली चार पाइप. ऊन-पावसाला हे चांगलंच. पण ट्रॅक्टर उलटला तरी हूड आपल्याला वाचवेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. दोन टनांच्या आसपासचं वजन वर आलं की असलं हूड डब्यासारखं चेपतं.

जीव वाचवते ती जाड लोखंडी कमान, म्हणजे रोल बार किंवा रॉप्स. शर्यतीच्या मोटारीत चालकाभोवती पाइपचा पिंजरा असतो, त्यातलाच हा प्रकार. त्या पिंजऱ्याच्या मुख्य कमानीला 45 मिमी व्यासाचा पाइप घेतला तर तो किमान अडीच मिमी जाड आणि बिनजोड लागतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ट्रॅक्टर तर त्या मोटारीपेक्षा जड. म्हणून त्याची कमान चाचणीत मागून आणि बाजूने रेटून बघतात, शिवाय वरून ट्रॅक्टरच्या साधारण दुप्पट वजनाइतका दाब देतात. एवढं करूनही ती चालकाच्या जागेत घुसता कामा नये.

जालना सळईचं गाव. लोखंडही मिळेल, वेल्डरही मिळेल. मग इथंच का करून घेऊ नये? अडचण आहे ती कमान कुठं बसवायची याची. हूड बऱ्याचदा मडगार्डला नटबोल्टने आवळतात. मडगार्ड म्हणजे पत्रा, झटक्यात फाटणार. खरी कमान मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर, दोन्ही बाजूंना जाड प्लेट आणि मजबूत बोल्टने बसते. दुसरं म्हणजे ती थोडी वाकावी लागते, वाकतानाच धक्का जिरतो. नुसती ताठ केली तर वेल्डिंगजवळ तुटते. म्हणून कंपनीच्या कमानीला भोक पाडू नये, काही वेल्ड करू नये. एकदा वाकलेली कमान तापवून सरळ करू नये, बदलावी.

कमान असेल तर सीट बेल्ट हवाच. बेल्ट नसला तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. मोसंबीच्या बागेत फांद्या अडतात म्हणून घडीची कमान मिळते. ती घडी केलेली असताना मात्र बेल्ट लावायचा नाही, आणि बागेबाहेर आलं की कमान लगेच उभी करायची.

स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरना ही कमान सक्तीची केली. पुढं तिथं उलटून होणारे मृत्यू जवळपास थांबले.

ट्रॅक्टर उलटताना उडी मारू, असं म्हणणारे आहेत. चाक चिखलात फसलं, साखळी टॉप लिंकला बांधली आणि क्लच झटकन सोडला की पुढची चाकं उचलतात. त्यानंतर सावरायला पाऊण सेकंदही मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधावी. पाटाच्या भरावावर, विहिरीच्या काठाला चाक खचलं तरी तेच. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेले ठेवावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

नवीन ट्रॅक्टर घेताना डीलरला कमान आणि बेल्ट आहे का, हे आधी विचारा. जुन्यासाठी त्याच मॉडेलची कंपनीची कमान मिळते का, बघा. आणि मडगार्डवर पोरं बसवू नका. त्यांना ना बेल्ट असतो, ना कमानीचा आधार.